पहाटे साडेतीनला हीटर गार वारा फेकू लागला तेव्हा

"अगं, उठ. ते कसलं तरी यंत्र ओरडतंय," आईने मला हलवून जागं केलं. पहाटेचे साडेतीन वाजले होते. जमिनीलगतचा गॅसगळतीचा अलार्म थोड्या थोड्या वेळाने चिवचिवत होता. हीटरचा पंखा फिरत होता, पण झरोक्यातून गार वारा येत होता. आधी खिडकी उघडली, बाहेर जाऊन सिलिंडर बंद केला, मग बॅटरीला मल्टिमीटर लावला. १०.९ व्होल्ट. गॅस कुठेच गळत नव्हता, बॅटरी संपली होती.

ही डिसेंबरमधली गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये जम्बो रॉक्स नावाचं कॅम्पग्राउंड आहे. तिथे ना वीजजोडणी, ना पाणी. आम्ही सॅन डिएगोला राहतो. गाडीमागे ओढायचा, आत राहण्याची सोय असलेला १९ फुटी ट्रेलर घेतल्यापासून तीन सहली झाल्या होत्या, पण त्या सगळ्या वीज असलेल्या जागी. या वेळी बार्शीहून आई आली होती. तिला वाळवंटातलं आकाश दाखवायचं होतं. आकाश तिने पाहिलं खरं, पण नंतरची अर्धी रात्र दोन स्वेटर आणि माझं जाकीट घालून बसून काढली. बहात्तर वर्षांच्या बाईला आपण असं थंडीत बसवलं, हे मला फार लागलं.

हीटर तर गॅसवर चालतो, मग बॅटरीचं काय काम, हा मलाही पडलेला प्रश्न. गॅस फक्त जळतो, गरम हवा ढकलायला पंखा लागतो आणि तो १२ व्होल्टवर चालतो. त्या पंख्याच्या झोतासमोर एक पातळ पाकळीचा स्विच असतो. झोताने पाकळी पुरती ढकलली गेली तरच बर्नर पेटतो. व्होल्टेज उतरलं की पंखा मंदावतो, पाकळी हलत नाही, बर्नर पेटत नाही, आणि पंखा मात्र उरलीसुरली वीज खात फिरत राहतो.

सकाळी सातला जनरेटर लावला. पार्कात जनरेटरच्या वेळा ठरलेल्या आहेत: ७ ते ९, १२ ते २, ५ ते ७. दोन तासांत लेड-अॅसिड बॅटरी पुरती भरत नाही. सुरुवातीला ती भराभर घेते, शेवटचा भाग मात्र थेंबाथेंबाने. आम्ही दुपारी गाशा गुंडाळला आणि घरी आलो.

घरी आल्यावर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणला आणि एकेक उपकरण चालू करून वहीत आकडे लिहिले. हीटरचा पंखा ७.२ अँपिअर. दिवे सगळे मिळून दीड. पाण्याचा पंप ५, पण तो दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटंच चालतो. सगळं बंद केल्यावरही १.१ अँपिअर वाहतच होते: गॅसचा अलार्म, गॅसवरच्या फ्रिजचं सर्किट, स्टिरिओ आणि टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर. चोवीस तासांचे त्याचेच पंचवीसेक अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) होतात. बूस्टरचं बटण कपाटात होतं आणि ते ट्रेलर घेतल्यापासून चालूच होतं.

आमची बॅटरी ८० अँपिअर-अवरची. लेड-अॅसिड निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हातात चाळीसच. थंडीत तेवढेही मिळत नाहीत. त्या रात्री पंखा निम्मा वेळ फिरला असं धरलं तरी दहा तासांचे छत्तीस त्यानेच खाल्ले.

आईला मात्र त्या दुपारी चटणीसाठी लावलेल्या मिक्सरचा संशय होता. "मी म्हटलं होतं पाट्यावर वाटू या," ती दोनदा म्हणाली. मिक्सर इन्व्हर्टरवरून पन्नास अँपिअर ओढतो हे खरं, पण दीड मिनिटात हिशेब सव्वा अँपिअर-अवरचा. वही दाखवली तेव्हा कुठे तिची बोच गेली. मग म्हणाली, "तुझे बाबा असंच लिहायचे." बार्शीला भारनियमन होतं तेव्हा बाबा इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी टाकलं, लाइट किती तास गेली, हे कॅलेंडरवर मांडायचे. मी ते विसरलेच होते.

नवी बॅटरी घेताना मी दोन आठवडे खल केला. सहा व्होल्टच्या दोन गोल्फकार्ट बॅटऱ्या स्वस्त पडत होत्या, पण वजन फार आणि त्याही लेड-अॅसिड, म्हणजे पुन्हा निम्मीच वापरायची. शेवटी १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट घेतल्या. ही बॅटरी शून्य अंशाखाली वीज देते, पण त्या थंडीत चार्ज केली तर आत लिथियमचा थर साचून कायमची खराब होते. म्हणून ट्रेलरच्या नाकावरच्या उघड्या पेटीऐवजी मी त्या पलंगाखाली बसवल्या. बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा जुना कन्व्हर्टर १३.६ व्होल्टच द्यायचा, लिथियमला ते कमी पडतं, म्हणून तोही बदलला.

सगळ्यात जास्त वेळ गेला शंट बसवण्यात. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे मीटर १३.२ दाखवतो तेव्हा बॅटरीत ऐंशी टक्के आहे की चाळीस, हे कळत नाही. आत-बाहेर जाणारी वीज मोजणारा शंटच लागतो. मी तो निगेटिव्हवर बसवला, आणि पहिल्या दिवशी हीटर चालू असताना शंटला जोडलेला मॉनिटर शून्याजवळ दाखवू लागला. संध्याकाळभर वायर चाचपल्यावर सापडलं: ट्रेलरच्या चासिसकडे जाणारी जाड निगेटिव्ह वायर मी बॅटरीच्याच टर्मिनलवर ठेवली होती. बॅटरीच्या टर्मिनलवर शंटशिवाय दुसरी एकही निगेटिव्ह वायर नको. ती हलवली आणि आकडा ७.३ वर आला. तो आकडा बघून मी अक्षरशः टाळी वाजवली.

जानेवारीत तिथेच परत गेलो, तीन रात्रींसाठी. आई म्हणाली, मी येणारच. या वेळी शंभर वॅटची दोन सुटी सोलर पॅनेल नेली. डिसेंबर-जानेवारीत तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून तीस-पस्तीस अंशांवरच असतो. पहिल्या दुपारी पॅनेल जमिनीवर सपाट ठेवली आणि जेमतेम सहा अँपिअर आले. पाठीमागे टेकू देऊन दक्षिणेकडे चांगली उभी केली तर साडेदहा. आमच्या जागेवर मोठ्या खडकांची सावली दहापर्यंत असायची. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी आकडा धपकन खाली येतो. मी दिवसातून तीनदा पॅनेल उचलून उन्हात नेत होते आणि शेजारच्या खुर्चीवरून आई सांगत होती, "सावली आली बघ डावीकडे."

हीटर रात्री १३ अंशांवर ठेवला. आईने बॅगेत तळाशी घालून आणलेल्या दोन गोधड्या होत्या, त्यांनीच खरी बचत केली. पंखा मध्यरात्रीनंतर क्वचितच वाजायचा. बूस्टर अर्थात बंद.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला मी पलंगावरूनच मॉनिटर पाहिला. ५८ टक्के. आत १२ अंश, बाहेर उणे दोन. आई आधीच उठली होती, शेगडीवर आलं घातलेला चहा उकळत होता. तिने न विचारता माझ्या हातातली वही घेतली आणि तारखेपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ५८.