भावाचं तो सांगेल

वसईत इस्टरआधीचा उपवासकाळ लागला की प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, एका संध्याकाळी पश्चात्तापविधी असतो. त्यात पापनिवेदन करायचं, म्हणजे फादरना आपली पापं सांगून क्षमा घ्यायची. आजूबाजूच्या चर्चमधले फादर येतात, कानाकोपऱ्यात खुर्च्या टाकून बसतात आणि लोक रांगा लावतात. कुठली रांग लांब ते पाहिलं की कोणते फादर पटकन सोडतात हे नवख्यालाही कळतं. आखडूंपुढे दोन म्हाताऱ्या आणि एक सेमिनारीत फादर व्हायला शिकणारा मुलगा, एवढंच.

मी बरीच वर्षं त्यातल्या कुठल्याच रांगेत नव्हते. रविवारची मिस्सा चुकवत नव्हते, पण कम्युनियनची, म्हणजे पुढे जाऊन पवित्र भाकर घ्यायची, वेळ आली की बाकावरच बसून राहायची. शेजारच्या बायका गुडघ्यांवरून पलीकडे जायच्या आणि जाताना एक नजर टाकायच्या. मोठं पाप मनावर असताना कम्युनियन घेऊ नये, हे आमच्यात पहिल्या कम्युनियनच्या वर्गापासून पाठ करून घेतलेलं असतं. त्यामुळे बसून राहिलेल्या बाईबद्दल लोक आपापला अंदाज बांधतात.

कारण जमीन. वसईत दुसरं काय असणार! बाबा मृत्युपत्र न करता गेले, आई त्यांच्याआधीच गेलेली. ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही. भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं, मी सही केली नाही. तिथून बोलणं बंद. मग मी कुणाकुणाजवळ काय काय बोलले, ते ज्याला सांगायचं त्याला सांगितलं आहे. इथे लिहीत नाही.

मग एका वर्षी पापनिवेदनाला जायचं ठरवलं, पण आपल्या चर्चमध्ये नको वाटलं. तिथल्या फादरना माझा आवाज माहीत, भावाचाही माहीत. खरं तर ही भीती निराधार आहे. पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांना नाही, बिशपना नाही, अगदी माझा जीव वाचवायलाही नाही. हे गुपित थेट फोडणारा फादर त्याच क्षणी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो आणि ती शिक्षा मागे घेण्याचा अधिकार फक्त रोमला आहे. सगळं माहीत होतं, तरी ऑफिसजवळचं मुंबईतलं एक चर्च निवडलं.

जाळीही मुद्दाम निवडली, म्हणजे मध्ये जाळी, पलीकडे फादर, चेहरा दिसत नाही. हल्ली बऱ्याच ठिकाणी समोरासमोर खुर्चीत बसून बोलता येतं. १९७३ मध्ये विधी नव्याने लिहिला गेला तेव्हापासून ती सोय आहे. पण जाळी मागणं हा पापनिवेदन करणाऱ्याचा हक्क आहे, कुणाला कारण द्यावं लागत नाही. २०१८ मध्ये केरळातल्या एका गंभीर प्रकरणानंतर राष्ट्रीय महिला आयोगाने पापनिवेदनाची प्रथाच बंद करा अशी शिफारस केली होती. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी तिला कडक विरोध केला. पापनिवेदनाचा संस्कार बंद करा हे मलाही पटलं नव्हतं, पण बाईने एकटीने बंद खोलीत जाऊन बसावं असा हट्टही कुणी धरू नये. जाळी, उघडं चर्च, पलीकडे रांगेतली माणसं, ही व्यवस्था मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी जाळीचा हा लाकडी कप्पा आपल्या धर्मप्रांतात बसवायला लावला, त्यामागे हाच विचार होता.

तयारीला बसले आणि तिथेच अडले. दहा आज्ञा एकेक घेऊन स्वतःला प्रश्न विचारायचे असतात. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी लागतात: गोष्ट खरोखर मोठी हवी, ती वाईट आहे हे पक्कं माहीत हवं, आणि तरी मनापासून केलेली हवी. अशी पापं प्रकार आणि संख्या या दोन्हींसह सांगायची. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे ‘भावाशी पटत नाही’ एवढ्यावर भागत नाही. काय केलं आणि साधारण किती वेळा, ते हवं. मी कागदावर लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर अर्धाअधिक कागद भावाच्या पापांचा होता! माझी चार ओळींत आटोपली होती.

शनिवारी संध्याकाळी गेले. आधी विचारलं, “फादर, मराठीत चालेल?” पलीकडून आवाज आला, “मराठी, कोंकणी, इंग्लिश. जे तोंडात येईल ते.” क्रुसाची खूण केली. लहानपणी घोकलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं: फादर, मला आशीर्वाद द्या, कारण मी पाप केलं आहे. त्यापुढे शेवटचं निवेदन कधी केलं ते सांगायचं असतं. आकडा ऐकून ते काही बोलतील म्हणून थांबले. ते म्हणाले, “बरं झालं आलीस. पुढे.”

मी पुढे गेले खरी, पण तिसऱ्या वाक्यातच भाऊ आला. त्याने काय केलं, वहिनी काय बोलली, बाबांच्या तेराव्या महिन्यात कागद कसा पुढे सरकवला. फादरनी मध्येच थांबवलं. “तू तुझं सांग. भावाचं तो सांगेल.”

राग आला मला. मग कागद न बघता सांगितलं. दोन-तीन मिनिटं लागली असतील. वर्षानुवर्षं साठलेली गोष्ट इतकी आखूड निघेल असं वाटलं नव्हतं.

मला धास्ती होती ती पुढची: सही करून टाक, म्हणजे झालं, असं सांगतील. बाईमाणसाला असा सल्ला द्यायला आपल्याकडे धर्म लागत नाही, कुणीही देतं. फादरनी मात्र दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वाटणी मागणं हे पाप नाही, ते मी इथे आणूच नये, ते वकील बघेल. गावभर जे बोलले आणि त्याचं वाईट व्हावं असं जे मनात धरून बसले, ते पाप. एवढ्यानेच माझं निम्मं ओझं उतरलं, अजून क्षमा मिळायचीच होती तरी.

प्रायश्चित्त म्हणून सहसा प्रार्थना मिळतात: पाच वेळा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, दहा वेळा ‘नमो मारिया’. मला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, तर मिळालीच, शिवाय: “इस्टरच्या आधी भावाच्या घरी एकदा जाऊन ये. जमिनीचा विषय तू काढायचा नाहीस.”

“फादर, हे नाही जमणार. दुसरं काही द्या.” असं म्हणता येतं, बरं का. प्रायश्चित्त झेपेल असंच असावं, असा नियम आहे.

“जमणार नाही की करायचं नाही?”

त्यावर उत्तर नव्हतं. “जाईन,” म्हणाले.

मग पश्चात्तापाची प्रार्थना. ती अर्धी विसरले होते, मधल्या ओळी त्यांनी पुरवल्या. आणि मग त्यांनी क्षमेचं वचन उच्चारलं, शेवट नेहमीचा: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो. ‘आमेन’ म्हणून बाहेर आले. रडू वगैरे आलं नाही. सातची विरार पकडायची होती.

ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, “मजा आहे तुमची. सांगून टाकलं की खातं कोरं, पुन्हा करायला मोकळे.” पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल तर क्षमा लागूच पडत नाही, हे तिला सांगितलं; तिला ती पळवाट वाटली. पण तिच्या बोलण्यात तथ्य आहे असं मला नंतर वाटलं. पहिल्या काही शतकांत क्रम उलटा होता. आधी प्रायश्चित्त, तेही सगळ्यांसमोर, कधी कधी वर्षानुवर्षं. क्षमा त्यानंतर, आणि बहुधा आयुष्यात एकदाच. खासगीत आणि पुन्हा पुन्हा निवेदन करण्याची रीत आयर्लंडच्या मठवासीयांनी युरोपभर नेली, आणि वर्षातून एकदा तरी जायलाच हवं हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेने घातला. आता क्षमा आधी मिळते. प्रायश्चित्त राहिलं तर मिळालेली क्षमा परत जात नाही, पण मुद्दाम टाळलं तर ते टाळणं हेच नवं पाप. माझ्यासारख्या चालढकल करणाऱ्या बाईला जुना क्रम बरा पडला असता. क्षमा अडून राहिली असती तर भावाकडे पहिल्याच रविवारी गेले असते.

प्रत्यक्षात रोझरी ट्रेनमध्येच झाली, आणि भावाकडे जायला इस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार उजाडला. चर्चमधून हातात झावळी होती तशीच गेले, निमित्त म्हणून. वहिनीने दार उघडलं, बस म्हणाली, चहा टाकला. भाऊ विहिरीवर होता. मोटर जळली होती आणि मिस्त्री येत नव्हता. आल्यावर पंधरा मिनिटं मोटरवरच बोलला. मी नवऱ्याच्या ओळखीच्या एका मिस्त्रीचा नंबर दिला. जमिनीचा विषय मी काढला नाही. त्यानेच निघताना काढला: “कागदाचं काय ठरवलंस?” मी म्हटलं, “ते वकील बोलतील.” त्याचा चेहरा उतरला, पण फाटकापर्यंत आला.

इस्टरला कम्युनियनच्या रांगेत उभी राहिले. वाटणीचा दावा अजून चालू आहे आणि सही मी केलेली नाही, करणारही नाही. नाताळआधीच्या आगमनकाळात पुन्हा पापनिवेदनाला गेले, या वेळी आपल्याच चर्चमध्ये, आखडू फादरांपुढे. तिथे रांग नव्हती.