लेस्टरच्या परसात वाफशाची वाट पाहताना

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात, ऊस आणि हळद पिकवणाऱ्या घरात मी वाढले. त्यामुळे इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात आम्ही घर घेतले, तेव्हा मागच्या अंगणात चार भाज्या लावणे हे शिकून घेण्याचे काम असेल, असे माझ्या मनातही आले नव्हते. पहिल्या वर्षी त्या अंगणाने मला मेथीच्या दोन जुड्या, लिंबाएवढे सात बटाटे आणि पाने धरण्याआधीच फुलावर गेलेली कोथिंबीर दिली. गावी असताना मी आण्णांचा, म्हणजे वडिलांचा, डबा घेऊन रानात जात असे आणि विहिरीजवळच्या आंब्याखाली पुस्तक वाचत बसत असे. त्याला शेतीचा अनुभव म्हणत नाहीत, हे कळायला मला ७,००० किलोमीटर दूर यावे लागले.

पहिली चूक मातीची झाली. लेस्टरच्या भोवतालची जमीन बहुतेक जड चिकणमातीची आहे. हिवाळाभर ती पाऊस पिऊन बसते आणि त्या दिवसांत उन्हाला जोर नसल्याने पाणी उडूनही जात नाही. मार्चमधल्या पहिल्या स्वच्छ उन्हाच्या रविवारी आमची सगळी गल्ली अंगणात उतरली, तशी मीही उतरले आणि तीन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद असा वाफा एका दुपारी खणून काढला. फावड्याला माती कणकेसारखी चिकटत होती आणि खणलेल्या कडा गुळगुळीत दिसत होत्या. ते काम नीट झाल्याचे लक्षण आहे, असे मी धरून चालले. एप्रिलमध्ये दोन आठवडे पाऊस उघडला आणि त्या वाफ्यात अशी ढेकळे पडली की त्यांवर खुरपे नुसते वाजत होते. फोनच्या पडद्यावर ती ढेकळे पाहून आण्णांनी एवढेच विचारले, “वाफसा बघितला हुतास का?”

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तो म्हणजे ‘पेरणीच्या आधी मोठी माणसे ज्याची वाट पाहतात ते काहीतरी’ एवढीच माझी समजूत होती. पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर जमिनीतल्या मोठ्या पोकळ्यांतले जादा पाणी निथळून जाते, तिथे हवा शिरते आणि बारीक पोकळ्यांत मात्र ओल धरून राहते. मुळांना हवा आणि पाणी दोन्ही मिळण्याची ही अवस्था म्हणजे वाफसा. चिकणमातीला त्याआधी हात लावला, तर तिचे बारीक कण एकमेकांवर दाबले जातात, पोकळ्या बुजतात आणि वाळल्यावर तिची वीट होते. पलूसची काळी माती काय आणि लेस्टरची तपकिरी माती काय, या बाबतीत दोघींचा स्वभाव एकच आहे. आण्णांनी मला परीक्षा सांगितली: वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आला. नुसता चपटा झाला, तर घरात जाऊन चहा प्यायचा. इथल्या बागकामाच्या पुस्तकांत हीच गोष्ट ‘माती बुटाला चिकटत असेल, तर वाफ्यात पाय ठेवू नका’ अशी सांगितलेली असते, पण मला आण्णांची परीक्षा अधिक भरवशाची वाटते, कारण माझे बूट कायमच चिखलाचे असतात.

दुसरी चूक पाण्याची, आणि तिची मला जास्त लाज वाटते, कारण आमच्या भागाने ती फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेली आहे. मी रोज संध्याकाळी झारीने वाफा भिजवत असे. वर पावसाची सर येऊन गेलेली असली तरीही भिजवत असे, कारण झाडाला पाणी घालणे म्हणजे काळजी घेणे, अशी आपली भावना असते. वाटाण्याचे बी कुजले आणि जी रोपे उगवली ती पिवळी पडली. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत नदीकाठच्या कितीतरी जमिनी क्षारपड झालेल्या आपण पाहतो. उसाला मोकाट पाणी दिले, निचरा झाला नाही, पाण्याची पातळी वर आली, त्या पाण्याबरोबर क्षार वर आले आणि उन्हाने पाणी उडाल्यावर ते मातीवर पांढरे होऊन राहिले. आमच्या चुलत्यांच्या दीड एकरात अजूनही जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकण्याच्या गोष्टी चालू आहेत. लेस्टरच्या अंगणात क्षार साचण्याची भीती नाही, कारण इथला पाऊस वर्षभर थोडा थोडा पडून ते धुऊन नेतो. पण पाण्यात बुडालेल्या मुळाचा श्वास कोंडतो, तो दोन्ही देशांत सारखाच. आता मी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहते आणि कोरडे लागले तरच पाणी देते.

ऊन ही मात्र पूर्ण नवीन गोष्ट होती. सांगलीत मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये सूर्य दुपारी अगदी डोक्यावरून जातो, त्यामुळे आपण परसबागेची जागा ठरवताना ऊन कुठे पडेल याचा फारसा विचार करत नाही. न्हाणीचे पाणी जिकडे जाते तिकडे अळू आणि केळ लावून मोकळे होतो. लेस्टरमध्ये जूनच्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ६१ अंशांच्या वर चढत नाही आणि डिसेंबरमध्ये तर तो केवळ १४ अंशांवर असतो, म्हणजे समोरच्या घराच्या कौलांवरून डोकावतो इतकेच. मी पहिला वाफा लाकडी कुंपणाच्या उत्तरेला केला होता, कारण तिथे सावली होती आणि कामाला बरे वाटत होते. सांगलीच्या माणसाला सावली हे सुख वाटते, ही सवय इथे महागात पडली. दुसऱ्या वर्षी वाफा उचलून दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीलगत आणला, तेव्हा कुठे घेवड्याच्या वेली चढल्या.

कोथिंबिरीचे कोडेही उन्हाशीच, म्हणजे नेमके सांगायचे तर दिवसाच्या लांबीशी जोडलेले होते. सांगलीतला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा असतो. लेस्टरमध्ये जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो जवळजवळ १७ तासांचा होतो. इतका लांब दिवस मिळाला की कोथिंबीर पाने वाढवण्याऐवजी घाईने फुलावर येते, आणि त्यात एखादा आठवडा पाणी कमी पडले तर विचारूच नका. मेमध्ये धणे रगडून पेरणे ही माझी चूक होती, कारण ते वाढणार होते नेमके जूनमध्ये. आता मी ऑगस्टमध्ये, दिवस आखडू लागल्यावर पेरते, आणि तेही एकदम सगळे न पेरता दर पंधरा-वीस दिवसांनी वीतभर ओळ टाकते. मेथीने मात्र कधीच दगा दिला नाही. पहिल्यांदाच बाग करणाऱ्या कोणालाही मी आधी मेथी पेरायला सांगेन, कारण महिना-सव्वा महिन्यात ती ताटात येते आणि माणसाचा धीर टिकतो.

टोमॅटोची रोपे मी मार्चमध्ये खिडकीत केली आणि एप्रिलच्या शेवटी, अंगात स्वेटरही नको अशा एका दुपारी, बाहेर लावली. चौथ्या रात्री हिव पडले आणि सकाळी रोपे उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी होऊन आडवी झालेली होती. इथे मेच्या मध्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढे, रात्रीचा भरवसा नसतो. शिवाय खिडकीतल्या रोपाला एकदम बाहेर लावायचे नसते. आठ-दहा दिवस ते दिवसा बाहेर आणि रात्री आत, असे करून वाऱ्याची सवय लावावी लागते. माहेरी आलेल्या लेकीच्या तान्ह्या बाळाला आपण जसे ऊन दाखवतो, तसेच म्हणायचे.

गोगलगाईंविषयी लिहायचे तर वेगळा लेख होईल. इथल्या बिनशंखाच्या गोगलगाई एका रात्रीत घेवड्याची बारा रोपे देठापर्यंत खातात. आण्णांना हा शत्रू ओळखीचा होता, कारण आपल्याकडे सोयाबीनवर शंखी गोगलगाई येतात. त्यांनी लगेच मेटाल्डिहाइडच्या गोळ्या सुचवल्या, पण पक्षी आणि इतर प्राण्यांना त्यांचा धोका असल्याने ब्रिटनमध्ये २०२२पासून बागेत आणि शेतात त्यांच्यावर बंदी आहे. मग त्यांनी दुसरा उपाय सांगितला, तो म्हणजे गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरायचे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई गोळा करायच्या. इंग्रज माणूस याच कामासाठी मातीत भांडे पुरून त्यात बिअर ओततो. आंबलेल्या वासावर त्या येतात, हे दोघांनीही आपापल्या परीने ओळखलेले आहे. लेस्टरमध्ये गूळ मिळतो, पण सांगलीच्या बाजारात वाढलेल्या माणसाला तो भाव देऊन गोगलगाईंना घालताना हात थरथरतो. तरीही उपाय लागू पडला. शेजारीण एकदा कुंपणावरून पाहून गेली आणि पुढच्या आठवड्यात तिने गोणपाट कुठे मिळते, असे विचारले.

करप्याला मात्र गूळ चालला नाही. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये सलग काही दिवस दमट हवा राहिली, टोमॅटोच्या पानांवर तपकिरी ठिपके आले आणि आठवड्याभरात फळांसकट झाडे काळी पडली. १८४५पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ आणणारा रोग हाच. तासगावला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे आणि डाउनी या बुरशीच्या रोगाशी झगडण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे, म्हणून त्यांना विचारले. त्यांनी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण सांगितले. तेही इथे घरगुती बागेत फवारायला परवानगी नाही. “मग पान कोरडं ठेव, दुसरं काय,” असे म्हणून मामांनी फोन ठेवला, आणि वैतागून दिलेला तो सल्लाच सगळ्यांत उपयोगी ठरला. आता टोमॅटो कुंड्यांत, छपराच्या वळचणीखाली असतात, पाणी बुडाशीच दिले जाते आणि खालची पाने मी काढून टाकते.

या सगळ्यात आईचा एकच प्रश्न असतो, तो वांग्यांचा. कृष्णाकाठची वांगी ही आमच्या घरात मानाची गोष्ट आहे. आई दरवर्षी एक चांगले फळ झाडावरच पिवळे होईपर्यंत ठेवते आणि त्याचे बी राखेत घोळवून डब्यात भरते. ते बी तिने माझ्या बॅगेत घालायचे ठरवले होते, पण लावणीचे बी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ब्रिटनमध्ये आणता येत नाही, आणि आईच्या राखेतल्या बियांना असले प्रमाणपत्र कोण देणार? तेव्हा इथल्या दुकानातले पाकीट आणले आणि उन्हाळाभर कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, कारण बाहेरच्या थंडीत वांगे फळ धरत नाही. सप्टेंबरमध्ये चार वांगी आली, लांब आणि काळी. आईने ती फोनवर निरखून पाहिली आणि म्हणाली, “भरीत करायच्या भानगडीत पडू नकोस, त्यात काही गर न्हाई.”

आता ऑक्टोबर संपत आला आहे आणि लसणाची वेळ झाली आहे. लसूण इथे थंडीच्या तोंडावर मातीत जातो, हिवाळाभर गारठा खातो आणि जुलैमध्ये निघतो. कुड्या सोडून ठेवल्या आहेत, घेवड्याच्या जागी बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने मागे ठेवलेला कस, चांगला मिळेल म्हणून तोच कोपरा राखला आहे, आणि शनिवारी सकाळी फावडे घेऊन बाहेर गेले तेव्हा आण्णा फोनवर होते. त्यांनी आधी गोळा करून दाखवायला सांगितला. मी मूठ दाबली आणि कमरेवरून सोडली. गोळा चपटा झाला, आणि लागण पुढच्या शनिवारवर गेली.