शेपूच्या वासाचा जिना

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात शेपूचा वास दरवळायला लागतो. कोल्हापुरात माझ्या माहेरी शेपूची भाजी झाली की घरातली निम्मी माणसं नाक मुरडायची. इथे, पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात, तोच वास आला की सगळ्यांना कळतं, काकड्यांचा हंगाम सुरू झाला. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक स्वयंपाकघरात काचेच्या बरण्या धुऊन पालथ्या पडलेल्या असतात.

मला इथे येऊन या ऑक्टोबरला सात वर्षं होतील. नोकरीनिमित्त आले तेव्हा दोन वर्षांचा विचार होता. नादोद्झे नावाच्या जुन्या भागात, शंभरेक वर्षांपूर्वीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. लिफ्ट नाही. लाकडी जिना, मधोमध झिजलेल्या पायऱ्या. आज वाटतं, लिफ्ट असती तर मला हे शहर निम्मंसुद्धा कळलं नसतं. जिन्यात कुणीही समोर आलं की "जेन दोब्री" म्हणायचंच असतं. ओळख असो वा नसो. डॉक्टरकडे बाहेर बसलेल्यांनाही म्हणायचं, छोट्या दुकानात शिरतानाही म्हणायचं. पहिले काही महिने मला ही माणसं फार कोरडी वाटायची, कारण ट्रॅममध्ये कुणी कुणाकडे बघून हसत नाही. पण न हसता का होईना, दिवसातून दहा वेळा माणूस माणसाची दखल घेतो, हे लक्षात यायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

त्या जिन्यातच तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. मी त्यांना आजी लिहिते आहे, पण तोंडावर त्यांना "पानी" म्हणावं लागतं. पानी म्हणजे बाई, आणि त्यामागे आदर येतो तो थेट क्रियापदापर्यंत. "तुम्हाला चहा हवा का" असं नाही विचारायचं. "बाईंना चहा हवा का" असं, समोरच्या माणसाशीच तृतीयपुरुषात बोलायचं. आपल्याकडे सासूबाई जावयाला "जावईबापूंनी बसावं" म्हणतात ना, अगदी तसं. अरे-तुरेवर यायचं तर त्याची परवानगी थोरल्याने द्यायची असते, धाकट्याने स्वतःहून घ्यायची नाही. आजींनी मला तिसऱ्या वर्षी दिली. मी मात्र अजून त्यांना पानीच म्हणते, जीभ वळत नाही.

भाषेबद्दल थोडं लिहायलाच हवं. ऑफिसमधले इतर देशांचे सहकारी पोलिशला घाबरतात ते तिच्या सात विभक्त्यांमुळे. आपल्याला त्याचं काय भय? शाळेत प्रथमा ते संबोधन पाठ केलेली माणसं आपण. कोल्हापूरमधला दीर्घ ऊ "कोल्हापुरात" म्हणताना ऱ्हस्व होतो, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मग टेबलाला "स्तूव" आणि टेबलावर म्हणताना "ना स्तोले" का, हेही चटकन पचलं. भाऊ म्हणजे "ब्रात", दिवस म्हणजे "जेन", आग म्हणजे "ओगेन". संस्कृतातले भ्राता, दिन, अग्नी मला या शब्दांतून ओळखीचं हसतात. व्यंजनांच्या जोडाक्षरांनी तोंड दमतं हे खरं, पण मराठी माणसाने पोलिशपुढे हात टेकायचं कारण नाही, असं मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

कागदपत्रांचा ताप मात्र आहे. राहण्याच्या परवान्यासाठी एका कचेरीत मी वर्षाहून अधिक काळ वाट पाहिली, त्या काळात वडिलांचं ऑपरेशन झालं आणि परत देशात शिरताना अडचण येईल या भीतीने मी गेले नाही. ते शल्य आहे, अजून बोचतं. त्या आठवड्यात आजी रोज संध्याकाळी दार वाजवून फक्त विचारायच्या, "बाबा कसे आहेत?" आणि सोबत सूप. रविवारी कोंबडीचं "रोसूव", आणि सोमवारी त्याच उरलेल्या रश्श्यात टोमॅटो घालून केलेलं "पोमिदोरोवा". ही जोडी इथे घरोघरी आहे. मी कोंबडी खाते म्हणून सोपं झालं.

न खाणाऱ्यांचीही इथे उपासमार होत नाही. "बार म्लेच्नी" शोधायचा. शब्दशः दुधाचा बार. दारूचा थेंब नाही. साधी टेबलं, भिंतीवर पदार्थांची यादी, काउंटरवर पैसे भरायचे, खिडकीतून ताट घ्यायचं, जेवून झालं की ताट दुसऱ्या खिडकीत नेऊन ठेवायचं. सरकारी अनुदानामुळे दर आवाक्यात. दुपारी एकच्या सुमारास तिथे विद्यार्थी, बांधकामावरचे कामगार, एकटे राहणारे म्हातारे आणि टाय लावलेले साहेब एकाच रांगेत असतात. अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायचं झालं तर "स्माच्नेगो" म्हणतात, म्हणजे सावकाश होऊ द्या. मी "पिएरोगी रुस्किए" घेते: बटाटा आणि "त्फारुक" नावाच्या ताज्या चीजचं सारण, वर परतलेला कांदा. आकार आपल्या करंजीसारखा, पण उकडलेला. नावातलं "रुस्किए" रशियाचं नाही. रुस म्हणजे ल्वूफ शहराच्या आसपासचा, आज युक्रेनमध्ये असलेला प्रदेश. २०२२ नंतर काही ठिकाणी पाट्यांवर त्याचं नाव बदलून युक्रेनी पिएरोगी केलेलं मी पाहिलं.

आजी ल्वूफच्याच. हे शहर समजून घ्यायचं तर ल्वूफला वळसा घालता येत नाही. १९४५ पर्यंत व्रोत्सवाफ हे ब्रेस्लाऊ नावाचं जर्मन शहर होतं. वेढ्यात अडकलेलं, बेचिराख झालेलं ब्रेस्लाऊ ६ मे १९४५ ला शरण आलं, बर्लिनच्याही नंतर. युद्धानंतर देशाच्या सीमाच पश्चिमेला सरकल्या. इथल्या जर्मनांना घालवलं गेलं, आणि पूर्वेकडचा जो भाग सोव्हिएत संघात गेला तिथले पोलिश लोक मालगाड्यांतून या रिकाम्या घरांत आले. आजी १९४६ साली आल्या, पाच वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने बरोबर एक शिवणयंत्र, एक गाय आणि देवीची तसबीर आणली होती. आजींच्या न्हाणीघरातल्या नळांवर अजून जर्मन अक्षरं आहेत. त्यांनी ते कधी बदलले नाहीत. मुख्य चौकात लेखक अलेक्सांदेर फ्रेद्रो यांचा बसलेला पुतळा आहे, पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात. तो पुतळासुद्धा आधी ल्वूफमध्ये होता. इथे माणसांबरोबर पुतळेही विस्थापित झाले.

म्हणून २०२२ च्या मार्चमध्ये, युक्रेनमधून गाड्या भरभरून बायका-मुलं व्रोत्सवाफच्या मोठ्या स्टेशनवर उतरत होती, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या आजी दोन गोधड्या घेऊन ट्रॅमने निघाल्या. मी सोबत गेले. स्टेशनात सूप, डायपर, सिमकार्डं, मांजरांचे पिंजरे, सगळं एकत्र. आजींनी गोधड्या दिल्या आणि फलाटावर बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. परतताना एवढंच म्हणाल्या, "आम्हाला स्टेशनवर घ्यायला कुणी आलं नव्हतं."

काकड्या घालायला त्यांनीच शिकवल्या. बोटाएवढ्या, खरबरीत सालीच्या काकड्या घ्यायच्या, गुळगुळीत लांब नाही. बरणीच्या तळाला फुलोरा आलेल्या शेपूची जाड दांडी, दोन लसणाच्या पाकळ्या, आणि "ह्शान" नावाच्या मुळाचा तुकडा, जे मोहरीसारखं नाकात चढतं. काकड्या उभ्या, दाटीवाटीने, एकमेकींना धरून. लिटरभर पाण्याला शिगोशीग मोठा चमचाभर मीठ, ते वरून ओतायचं, काकडी पाण्याबाहेर डोकावता कामा नये. तेल नाही, व्हिनेगर नाही, फोडणी नाही. तीन-चार दिवसांत पाणी गढुळतं, बुडबुडे येतात, आणि कोवळी, अर्धवट आंबलेली काकडी तयार होते. ती इथली उन्हाळ्यातली चैन. आणखी काही आठवडे ठेवली की हिवाळ्याची बेगमी. "तुझ्याकडचं लोणचं तिखट पेटतं, आमचं हळू जागं होतं," असं आजी म्हणतात.

पहिल्यांदा त्यांनी ती शेपूची दांडी माझ्या हातात दिली तेव्हा मला माझी आज्जी आठवली. ती कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याजवळची. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. पूर्व पोलंडमधून त्यांना सोव्हिएत फौजांनी सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती माणसं आपल्या करवीर संस्थानात पोहोचली. माझे पणजोबा तिथे भाजी घालायचे आणि आज्जी पाटीबरोबर जायची. ती सांगायची, "त्या बायका शेपू जुडीजुडीने न्यायच्या. आपल्यात कोण एवढा शेपू खातंय?" लहानपणी आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. व्रोत्सवाफच्या स्वयंपाकघरात त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि सांगायला आज्जी नव्हती.

मी आजींना हे मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "फ कोल्हापुझे?" त्यांनी विचारलं. कोल्हापुरात? माझ्या गावाच्या नावाला त्यांनी स्वतःच्या भाषेतली सप्तमी लावली, जशी त्या ल्वूफला लावतात, आणि कोल्हापूर क्षणात त्यांच्या घरातलं झालं.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली होती, ती इथे येणाऱ्यांनी टाळावी. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे जेवायला बोलावलं होतं. मी शेवंतीची सुंदर पांढरी फुलं नेली. सहा. दार उघडताच तिच्या आईचा चेहरा उतरला. इथे शेवंती फक्त थडग्यावर वाहतात, आणि सम संख्येत फुलं फक्त मृतांसाठी. जिवंत माणसाला तीन द्यावीत, पाच द्यावीत. मैत्रिणीने एक फूल काढून पाच केली आणि फुलदाणी खिडकीच्या बाहेर ठेवली.

त्या शेवंतीचा खरा अर्थ मला १ नोव्हेंबरला कळला. हा सर्व संतांचा दिवस, सरकारी सुट्टी, आणि माझ्या मते पोलंड पाहायचा असेल तर नाताळपेक्षाही हा दिवस पाहावा. सगळा देश आपापल्या माणसांच्या थडग्यांकडे निघतो. आधीच्या आठवड्यात लोक बादली-ब्रश घेऊन दगड घासून ठेवतात. जादा ट्रॅम आणि बस सोडतात. २०२४ साली आजींबरोबर मी ओसोबोवित्से दफनभूमीत गेले. त्या वर्षी आपलं लक्ष्मीपूजनही नेमकं १ नोव्हेंबरलाच होतं. घरी चार पणत्या लावून निघाले होते. साडेचारला अंधारून आलं आणि झाडांखालून लाल, पिवळे, निळे दिवे उजळत गेले, एक नाही, दोन नाही, नजर पोहोचेल तिथपर्यंत. आवाज नाही. ओल्या पानांचा आणि मेणाचा वास. लोक हळू बोलत होते, लहान मुलं काडी ओढून दिवा पेटवायला धडपडत होती. ज्या थडग्यापाशी कुणी आलं नसेल तिथेही जाताजाता कुणीतरी एक दिवा ठेवून जायचं.

दफनभूमीच्या मध्यभागी मोठा क्रूस असतो. ज्यांची माणसं दूर कुठे पुरली आहेत, किंवा कुठे पुरली हेच माहीत नाही, ते तिथे दिवा लावतात. आजींनी पिशवीतून दोन दिवे काढले. एक त्यांच्या वडिलांसाठी, ते ल्वूफला राहिले. दुसरा माझ्या हातात दिला. "तुझ्या शेपूवाल्या आज्जीचा." आमच्याकडे थडगं नसतं, रक्षा पंचगंगेत सोडली, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तर इथेच लावायला हवा."

दुसऱ्या दिवशी पाडवा. इथे तो दिवस सर्व मृतात्म्यांचा. मी कोल्हापुरात भावाला फोन करून सांगितलं की महावीर उद्यानापाशी पोलिश लोकांचं स्मारक आहे, तिथे दोन पणत्या लाव. तो गेला. व्हिडिओ कॉल लावला, आजींना शेजारी बसवलं. भावाने पणती पेटवली की वारा विझवायचा. तीनदा पेटवली, तीनदा विझली. आजींनी मान हलवली, आतल्या खोलीत गेल्या आणि काचेचे दोन लाल दिवे घेऊन आल्या. या दिव्यांना पत्र्याचं भोकाभोकांचं झाकण असतं, पाऊस-वाऱ्यात दोन-दोन दिवस जळतात.

जानेवारीत मी कोल्हापूरला गेले तेव्हा ते दिवे स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत होते. स्मारकापाशी लावले, फोटो काढला, आजींना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. कोल्हापूर कसं आहे, प्रवास कसा झाला, काही नाही.

"झाकण नीट लावलंस ना?"