'संशयित' बसत नव्हतं

29 ऑगस्ट 2021, रविवार. मी तेव्हा एका मराठी पेपरच्या डेस्कवर रात्रपाळीला होते, परदेशाचं पान माझ्याकडे. तीनच दिवसांपूर्वी काबूल विमानतळाच्या गेटवर आत्मघाती स्फोट झालेला, 13 अमेरिकन सैनिक आणि दीडशेच्या वर अफगाण माणसं गेलेली, त्यामुळे पान सगळं त्याचंच. संध्याकाळी एजन्सीची कॉपी पडली की अमेरिकेने ड्रोनने काबूलमधली एक गाडी उडवली, विमानतळावर पुढचा हल्ला करायला निघालेली. मी हेडिंग दिलं, 'काबूलमध्ये संशयित हल्लेखोर ठार'. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, बसत नाय, एक शब्द काढा." फॉन्ट कमी कर म्हटलं तर शेजारच्या हेडिंगशी जुळेना आणि पान सुटायला दहा मिनिटं. मी संशयित काढलं. 'काबूलमध्ये हल्लेखोर ठार'. पान गेलं, मी घरी जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवसापासून लहान मुलं गेल्याच्या बातम्या यायला लागल्या, तरी अमेरिकेचे तेव्हाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल मार्क मिलींनी हल्ला न्याय्यच होता असं सांगितलं आणि आम्ही तेही छापलं. मग 17 सप्टेंबरला रात्री उशिरा त्या भागातल्या अमेरिकन सैन्याचे प्रमुख जनरल केनेथ मॅकेन्झींची कबुली आली, चूक झाली म्हणून. मेलेले 10, त्यात 7 मुलं. पांढरी टोयोटा कोरोला, तिच्या मागे ड्रोन जवळजवळ आठ तास, चालवणारा माणूस एका अमेरिकन मदत संस्थेत नोकरीला. स्फोटकं म्हणून जे पाहिलं ते बहुधा पाण्याचे कॅन. गाडी अंगणात शिरली तशी पोरं धावत आली, असं घरच्यांनी सांगितलेलं. ते वाक्य मराठीत टाइप करताना माझा हात थांबला.

आमचे सर 26/11 ला रिपोर्टर होते, रात्रभर सीएसटीवर. ते म्हणाले, "पुढचा कसाब निघालाय असं कळलं तर तू काय पुरावे गोळा करत बसशील?" प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही, काबूलमध्ये तेव्हा कुणी पोलिस पाठवू शकत नव्हतं. पण सर, मी म्हटलं, कसाबला तुकाराम ओंबळेंनी गोळ्या अंगावर घेऊन जिवंत धरला म्हणून खटला चालला, वकील मिळाला, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि मग 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली. आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, तो निकाल वरच्या कोर्टातही टिकला. ते दोघंही आपल्या हेडिंगमध्ये कित्येक महिने अतिरेकीच होते ना? दुसऱ्या देशात बसून स्क्रीनवर बघणाऱ्याने संशय घ्यायचा, निकालही त्यानेच द्यायचा आणि चूक झाली की चौकशीही त्याच्याच खात्याने करायची, हे मला कुठल्याच बाजूने पटत नाही, मग ते अमेरिकेने करो की उद्या आपण. त्या माणसाला कॅनमध्ये काय आहे एवढं सांगायचीसुद्धा संधी मिळाली नाही.

सर बराच वेळ गप्प होते. मी आपल्या जुन्या हेडिंगची दुरुस्ती छापूया म्हटलं, तर ते म्हणाले, "आपण थोडंच मारलं?" दुरुस्ती छापली नाही.

डिसेंबरमध्ये पुन्हा कॉपी आली, या प्रकरणात कुणालाही शिक्षा होणार नाही म्हणून. सिंगल कॉलम, खाली कोपऱ्यात. हेडिंगमध्ये 'सात मुलं' बसत नव्हतं. मी ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि फॉन्ट दोन पॉइंट कमी करून घेतला.