आमची वाटचाल: चित्रांतल्या जिद्दी मुली

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत आमचं प्रकाशन चालतं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आम्ही मराठी चित्रपुस्तकं काढतो, आणि प्रत्येक पुस्तकात एक जिद्दी मुलगी किंवा बाई असते.

पहिलं पुस्तक सावित्रीबाईंवर. १८४८ साली त्यांनी जिथे मुलींना शिकवलं तो भिडे वाडा आमच्यापासून चालत जाण्याइतका जवळ होता; २०२३ मध्ये तो पाडला. आम्हाला भिंतीवरच्या तसबिरीतल्या सावित्रीबाई नको होत्या, विशीही न गाठलेली शिक्षिका हवी होती. लोक शेण-दगड मारत म्हणून त्या जादा साडी सोबत नेत, हे आपण शाळेत ऐकतो. त्या पानावर एकही शब्द ठेवला नाही. मुलं तिथे थांबतात आणि स्वतःच प्रश्न विचारतात.

मुक्ता साळवेने सर्वांत जास्त वेळ घेतला. फुल्यांच्या शाळेतली ही चौदा वर्षांची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिचा खात्रीचा फोटो आम्हाला मिळाला नाही. चेहरा मनाने रंगवायचा का? आमच्या चित्रकार नको म्हणाल्या, आणि मला ते पटलं. पुस्तकभर मुक्ता पाठमोरी आहे, नाहीतर फक्त तिचे लिहिणारे हात दिसतात.

शास्त्रज्ञ कमला सोहोनींच्या गोष्टीत प्रयोगशाळा कशी समजावायची ही अडचण होती. बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आधी प्रवेश नाकारला, तरी त्या हटल्या नाहीत; १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. बंगळूरला त्यांनी डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं होतं. मग आमची गोष्ट वरणाच्या वाटीपासून सुरू झाली.

व्यवहार मात्र कठीण. रंगीत छपाईत प्रती कमी काढल्या की प्रतीमागे खर्च चढतो, आणि किंमत तर आईबाबांना परवडायला हवी. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत दर्शनी जागा पाठ्यपुस्तकांना आणि गाइडांना. सावित्रीबाईंच्या ३ जानेवारीच्या जयंतीला शाळांकडून मागणी येते, नंतर ओसरते. म्हणून वर्षभर आम्हीच शाळांत जाऊन गोष्टी वाचतो.

कधी कधी शाळा फक्त मुलींनाच बसवतात. तिथे आम्ही अडून बसतो: मुलगेही हवेत. कमलाताईंना प्रवेश नाकारला त्या पानावर ‘का पण?’ असं मोठ्याने विचारणाऱ्यांत मुलगेही असतात.

आता मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांवरचं पुस्तक चालू आहे. पुण्याच्या रस्त्यावरची त्यांची स्कूटर मुखपृष्ठावर येईल.