खळ्यातला अभ्यास

"खेळ पुरे झाला, आता जरा अभ्यास घे तिचा," शेजारच्या काकू गडग्यापलीकडून म्हणाल्या.

चार वर्षांची लेक खळ्यात शिंपले लावत होती. मोठे इकडे, बारके तिकडे. एक मधलाच हाती आला. तिने तो दोन्हीकडे धरून पाहिला आणि त्याची वेगळी, तिसरी रांग सुरू केली. कुणीही न सांगता!

मला तोच अभ्यास वाटतो. तुलना, वर्गीकरण, मोजणी, सगळं त्यात आलं. पुढे पेन्सिल धरायची चिमटीही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आपल्याच कोकण किनाऱ्यावर, बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते अशाच भोवतालच्या वस्तू हाताशी धरून.

तुमची पोरं आठळ्या-चिंचोक्यांशी काय काय खेळतात?