तुम्ही विचारलंत म्हणून: माझी मुलगी खो-खो का खेळत नाही

१९ जानेवारी २०२५ला दिल्लीत आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, खो-खोचा पहिला वर्ल्डकप जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्याच्या भाजीबाजारात मला तिघींनी गाठलं. प्रश्न जुनाच. "मॅडम, गावाच्या एवढ्या पोरी घडवल्या, स्वतःची का घरी बसवली?" पाठोपाठ हिशेब येतोच: दहावीला वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंच्या ५ टक्के जागा, शिकवणारी घरातच. एवढं असून वाया घालवलंत.

"तिला आवड नव्हती," असं म्हणून मी आजवर पिशवी उचलून पुढे जायची. ते खरं नाही. तिला आवड होती.

चार वर्षांची असताना ती माझ्यासोबत मैदानावर यायची. मोठ्या मुलींचा सराव संपला की दोन कडुलिंबांच्या झाडांना खांब समजून एकटीच पळायची. समोर कुणी नसताना हूल द्यायची. कुणी पकडलं तरी हसायची, नाही पकडलं तरी हसायची. सहावीत ती संघात आली आणि मी दोन नियम केले. मैदानावर मला 'आई' म्हणायचं नाही, 'मॅडम' म्हणायचं. इतर मुलींना पक्षपात वाटू नये म्हणून. दुसरा नियम फक्त तिच्यासाठी होता, घरातला: एक गडी मारला की दहा रुपये. हा दुसरा मला फार हुशारीचा वाटला होता.

आता तो दिवस. जळगावला जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा, १४ वर्षांखालील मुली, अंतिम सामना. ती बारा वर्षांची. शेवटची पळती, म्हणजे पळून वेळ काढायची पाळी, आमची होती. पळणाऱ्या मुली तिघी-तिघींच्या तुकडीने उतरतात, ती दुसऱ्या तुकडीत होती. तिच्या तुकडीने दीड मिनिट काढलं असतं तर सामना आमचा होता. दोघी लवकर गेल्या. ती उरली. समोरची मुलगी तिला खांबाकडे रेटत आली. तिथे दोनच वाटा असतात, खांबाला वळसा घाल नाहीतर बसलेल्या मुलींमधून आत शीर. त्या एका क्षणी तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात तिच्या पाठीवर हात पडला.

मी रेषेवरून ओरडले, "माझ्याकडे काय बघतेस!" सगळ्यांनी ऐकलं, समोरच्या संघाच्या पालकांनीसुद्धा. ती मान खाली घालून बाहेर आली आणि मुलींच्या रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन बसली.

परतीच्या एसटीत मी तिला मैत्रिणींतून उठवून माझ्या शेजारी बसवलं. विदगावचा पूल आला, तापी गेली, धानोरा गेलं, मी बोलतच होते. कुठे पाय अडखळला, कुठे लवकर वळली, खांबावर काय करायला हवं होतं. आवाज चढवला नव्हता. हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय. एक वाक्य मात्र जसंच्या तसं आठवतं: "अख्ख्या संघात मी सगळ्यात जास्त मेहनत तुझ्यावर घेतली." बाकीच्या मुली गप्प होत्या. अडावद यायच्या आधी तिने हळूच विचारलं, "मॅडम, मी मागे जाऊन बसू?"

मैदान कितीतरी मागे राहिलं होतं. तरी मॅडम.

घरी माझी आई होती. नात न जेवता झोपली म्हणून मी कुरकुरले, तिला काय झालंय ते कळत नाही म्हणाले. आई भाकरी थापता थापता एवढंच बोलली, "तिले काय इचारस? सोताले इचार." मला राग आला. आईला खेळातलं काय कळतं, असं मनात म्हटलं.

तिने त्या दिवशी खेळ सोडला असता तर गोष्ट सोपी होती. सोडला नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठून बुटाच्या नाड्या बांधून दारात उभी होती. पुढे आठ महिने आली. एकही सराव चुकवला नाही. फक्त पहिल्या तुकडीत जायला मागेना. हूल देईना. सामन्याच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी ॲसिडिटीची गोळी दिली. मी मैत्रिणींना सांगायची, आता कशी शांत डोक्याने खेळते! आठवीचं वर्ष संपलं आणि ती म्हणाली, नववीपासून नको. मी हो म्हटलं, आणि लोकांना सांगायला उत्तर तयार केलं.

मी बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, आंतरिक प्रेरणा (आवडीपोटी करणं) आणि बाह्य प्रेरणा (बक्षिसापोटी करणं) पाच गुणांसाठी पाठ केलेली बाई आहे. १९७३ सालचा मानसशास्त्रज्ञ लेपर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मी वर्गात शिकवते. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी दिसली. हे फळ्यावर लिहून घरी जायचे आणि दहा रुपये मोजून द्यायचे. जॉन निकोल्स या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं त्याहून जास्त बोचतं. लहान मुलांना मेहनत आणि कुवत वेगळी वाटत नाही. ज्याने जास्त मेहनत केली तो जास्त हुशार. साधारण अकरा-बारा वर्षांना फरक कळायला लागतो: तेवढ्याच कामाला मला जास्त कष्ट पडले, म्हणजे माझ्यात कमी आहे. नेमकं बाराव्या वर्षी, एसटीत, मी तिला म्हटलं की सगळ्यात जास्त मेहनत तुझ्यावर. मला म्हणायचं होतं, तू माझी लाडकी. तिने काय ऐकलं असेल?

आणि ती माझ्याकडे का बघत होती? मीच तशी सवय लावली होती. वर्षभर प्रत्येक खांबाला मी बाहेरून 'आत!' किंवा 'वळ!' ओरडत होते. त्या दिवशी गोंगाटात माझा आवाज पोचला नाही, म्हणून तिने तो शोधला.

पण थांबा. माझ्या वेळी मला कुणी गोंजारलं नव्हतं. आमचे सर अख्ख्या मैदानासमोर 'म्हैस' म्हणायचे. हाफ पँटवरून गावात बोलणी झाली, वडील ठाम राहिले म्हणून खेळले. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या मुली कापूस वेचायला जायच्या आणि मी राज्य स्पर्धेच्या शिबिराला. नखाजवळ बोंडांचे ओरखडे नाहीत, हीच माझी पहिली ट्रॉफी. सरांचं ओरडणं मला चालायचं, कारण मैदान सुटलं तर पुढे शेत होतं. मी तेच ओरडणं उचलून मुलीला दिलं. तिच्या मागे कापूस नव्हता. तिच्या मागे फक्त मी होते.

हे लिहून मोकळं वाटायला हवं, वाटत नाही. माझ्या हाताखालच्या चौघी आज पोलिसात आहेत. भरतीत ८०० मीटर धावताना तुमचा आवाज कानात होता, असं त्यांतली एक पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली. ती खोटं बोलत नाही. मग ओरडणं चूक कसं? याला माझं आजचं उत्तर एवढंच की मैदान सोडून गेलेल्या पोरी पेढे घेऊन येत नाहीत. त्या किती, हे मी कधी मोजलं नाही. नावंसुद्धा सगळी आठवत नाहीत.

वर्ल्डकपचा अंतिम सामना आम्ही दोघींनी बघितला, ती जळगावच्या होस्टेलवर, मी घरी, फोन चालू ठेवून. एक मुलगी खांबाला वळसा घालणार हे ती माझ्या आधी बोलली, तीनदा. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "तुला अजून कळतं सगळं." ती म्हणाली, "कळायचं तेव्हाही."

या वर्षी संघात एक बारा वर्षांची आहे. खांबापाशी आली की वळून माझ्याकडे बघते. मी आता सामन्यात गुणलेखकाच्या टेबलामागे, तिला दिसणार नाही अशी उभी राहते. मागच्या महिन्यात तालुक्याच्या सामन्यात तिने वळून पाहिलं, मी सापडले नाही, ती वीस सेकंदांत बाद झाली आणि आम्ही हरलो. तिचे वडील शेतातून तसेच आले होते, पायाला माती. म्हणाले, "मॅडम, पोरगी तुमच्याकडे बघत होती. तुम्ही सांगितलं का नाही?"

मी त्यांना म्हटलं, उद्या सरावाला पाठवा. दुसरं काही सुचलं नाही.